गुरुजी घान्याले चालले

आमच्या झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' या दोन अक्षरांना राहायला जागा नाही. 'ण' आला की त्याचा 'न' होतो, 'ळ' आला की 'र'. डोळा दुखत नाही, डोरा दुखतो. पाणी कोणी पीत नाही, पानी पितात. पस्तीस वर्षं मी फळ्यावर मोठा 'ळ' काढून पोरांना म्हणायला लावला आणि पोरांनी पस्तीस वर्षं एकसुरात 'र' म्हटलं. त्यामुळे लेकीकडे घानाला जायचं ठरलंय हे मी पारावर सांगितलं तेव्हा जे व्हायचं तेच झालं. तेलाच्या घाण्याला आमच्याकडे घाना म्हणतात. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं, की गुरुजी बाईला घेऊन घान्याले चालले.

"जवसाचं तेल काढाचं आहे का जी?" एकाने कळकळीने विचारलं. "त्याच्यासाठी पासपोट कायले पायजे? तुमसरले मशीन आहे ना!"

मग मी शाळेतल्या नकाशाची आठवण करून देत खुलासा केला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा देश. 1957 मध्ये स्वतंत्र झाला, त्याआधी इंग्रज त्याला गोल्ड कोस्ट म्हणायचे. राजधानी अक्रा. मुंबईहून अदिस अबाबा, तिथे विमान बदलायचं, मग अक्रा. पण 'आफ्रिका' हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं कोणी ऐकलं नाही. पारावर थोडा वेळ अशी शांतता पसरली, की मलाच वाटलं आपल्यामागे कोणी वारलं की काय. शेवटी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाबांनी चंचीची गाठ सोडत एकच प्रश्न विचारला.

"तिथलं पानी कसं आहे?"

आंबागडात हा प्रश्न विचारला जाणं अगदी रास्त आहे. सातपुड्याच्या ज्या टेकडीच्या पायथ्याशी आमचं गाव आहे, तिच्यावर किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या काळात, 1700 च्या सुमाराला, राजखान पठाण नावाच्या त्याच्या सरदाराने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. या तुरुंगाचं वैशिष्ट्य म्हणजे, सांगतात की, इथे फाशी द्यायला माणूस लागत नसे. आत एक विहीर होती. तिचं साचलेलं, सडलेलं पाणी कैद्याला प्यायला द्यायचं, की बाकीचं काम पाणीच करायचं. खर्च नाही, आरडाओरड नाही. इतर किल्ल्यांवरून लोक तोफा नि तलवारींच्या गोष्टी सांगतात. आमच्या किल्ल्याची शौर्यकथा म्हणजे जुलाब.

एवढा इतिहास उशाशी असलेल्या माणसांनी परदेशातल्या पाण्याची चौकशी करावी, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

जायचं कारण साधं होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी करायची रीत आहे, पण पोटुशी लेक विमानात घालून आणण्यापेक्षा माहेरच तिच्याकडे न्यावं असं ठरलं. माहेराचं वजन माणशी 23 किलोच्या दोन बॅगांत बसवायचं होतं. जवाई घानातल्या नसुता या गावी खाणीत आहेत. खाण मँगनीजची. आमच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीतल्या मँगनीजची पूड बॅटरीच्या सेलमध्ये जाते. लहानपणी रेडिओचा संपलेला सेल फोडून ज्याने हात काळे केले आणि मार खाल्ला, त्याला मँगनीज वेगळं शिकवावं लागत नाही. नसुतालाही 1916 पासून तेच काळे दगड काढणं चालू आहे. म्हणजे माणूस इथल्या खड्ड्याशेजारून उठला आणि सात समुद्रांपलीकडे जाऊन तसल्याच खड्ड्यात उतरला. त्याच्या सासूला हे अजून पटलेलं नाही. "खड्डाच पायजे होता तं डोंगरीचा का वाईट होता?"

तयारी पासपोर्टापासून सुरू झाली आणि माझ्याच अंगावर आली. आमच्या सौभाग्यवतीची जन्मतारीख 1 जुलै. माझी 1 जुलै. साक्षीला नेलेल्या दोन्ही शेजाऱ्यांची 1 जुलै. सही-शिक्का देणारा साहेब चष्म्यावरून बघत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गावात बाकीचे अकरा महिने काय करतात?" त्याला काय सांगणार? जुन्या काळी आई-बाप पोराचा हात धरून शाळेत आणायचे. जन्म कधीचा विचारलं की "धान रोवत होतो तवाचा" एवढंच सांगायचे. शाळेतला मास्तर मग 1 जुलै लिहून मोकळा व्हायचा. तो मास्तर आधी माझे गुरुजी होते आणि नंतर मी होतो. अर्ध्या गावाला मी एका दिवशी जन्माला घातलंय.

याआधी आम्ही केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे महादेव. आमच्याकडे नुसतं 'महादेवाले जाणं' म्हटलं की पचमढी. त्याची तयारी आई करायची: दशम्या, तिखट-मीठ, फुटाणे, एक घोंगडी, खांद्यावर त्रिशूल. औषध म्हणून ओव्याची पुरचुंडी. पोट दुखलं तर ओवा, डोकं दुखलं तर ओवा, पाय मुरगळला तरी आई आधी ओवाच द्यायची आणि मग बघायची. त्या हिशेबाने मी घानासाठी ओव्याचा मोठा डबा काढून ठेवला होता. पण लेकीने फोनवर बजावलं, प्रवासाच्या औषधांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे दोघंही जा, निदान महिनाभर आधी जा, आणि तोंडाने सांगू नका, कागदावर लिहून आणा.

नागपूरच्या त्या डॉक्टरीणबाई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून इतकं नीट समजावलं की मला माझ्या बी.एड.च्या दिवसांची आठवण झाली. टायफॉइडची लस. हिपॅटायटिस ए ची चौकशी. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं? (मला वर्ष आठवेना, खिळा मात्र आठवत होता.) रक्तदाबाच्या गोळ्या पुरतील एवढ्या घ्या, मूळ पाकिटातच ठेवा, चिठ्ठी सोबत ठेवा, आणि अर्ध्या गोळ्या हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग कधीकधी आपल्याआधी दुसऱ्याच देशाला जाते. विमानात पाय लोंबकळत ठेवून झोपू नका, अधूनमधून उठून चाला. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि पाणी नेहमी उकळून प्या."

सौभाग्यवतींनी मान हलवली आणि खात्री करून घ्यायला विचारलं, "उकरून?"

"हो, उकळून."

"रोज उकराचं?"

"रोज. दोघांसाठी पुरेल एवढं."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, तीन महिने मातीच उकरत बसायचं तर बाळ कोण सांभाळणार? तिथे नळ नाही का? माझी चाळीस वर्षांची सहचारिणी. 'ळ'चा हट्ट धरला नाही म्हणून आजवर संसार सुखाचा झाला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, थोडा धरायला हवा होता.

मलेरियाच्या गोळ्यांपाशी माझीही परीक्षा झाली. त्या जायच्या आधी सुरू करायच्या, तिथे असेपर्यंत घ्यायच्या आणि परतल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या. परतल्यावरही का? तर डास चावलेला तिथे असतो आणि ताप इथे येऊ शकतो. "चुकवणार नाही ना?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "छे!" आणि मला आमच्या आशाताई आठवल्या. भंडारा जिल्ह्यात हत्तीरोग आहे. म्हणून आशाताई घरोघरी गोळ्या घेऊन येतात आणि समोर उभ्या राहून गिळायला लावतात. मी दरवर्षी शाळेत पोरांना गोळ्यांचं महत्त्व सांगायचो. आणि दरवर्षी घरी माझी गोळी गालात धरून, ताई वळल्या की जास्वंदीच्या कुंडीत टाकायचो. ती जास्वंद आजतागायत ठणठणीत आहे. एकाही फांदीला सूज नाही. आता परक्या देशातल्या डासासाठी तोच मी एकेक गोळी मोजून, वेळ लिहून, कॅलेंडरवर फुल्या मारत घेणार होतो. आपल्या डासाची आपल्याला भीती वाटत नाही. घरचा माणूस तो.

पण खरी गंमत पिवळ्या तापाच्या लशीत होती. (आमच्याकडे पिवरा ताप. लोकांना ती कावीळ वाटली आणि मंतरलेल्या माळेचे तीन पत्ते मिळाले.) घानात शिरायला या लशीचं प्रमाणपत्र लागतंच. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही; सरकारने ठरवलेल्या केंद्रातच मिळते, आणि तिथेही ठरलेल्या दिवशी. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे माणसं जमवून मग फोडतात. आमच्याकडे बोकड कापण्याआधी वाटे ठरवतात तसंच. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. पूर्वी ते दहा वर्षं चालायचं, 2016 पासून आयुष्यभर चालतं. हे ऐकून सौभाग्यवतींना फार बरं वाटलं. "म्हंजे पुन्हा जाता येते," ती म्हणाली. नातवंड अजून जन्माला यायचं होतं आणि तिने दुसऱ्याची तजवीज केली होती.

केंद्रावर रांगेत आमच्यापुढे जहाजावर नोकरी करणारा एक पोरगा, दोन ख्रिस्ती सिस्टर, सोयाबीनचं मशीन विकायला युगांडाला निघालेले एक व्यापारी. मी साठी ओलांडलेली, म्हणून माझी जरा जास्त उलटतपासणी झाली. या वयात ही लस पहिल्यांदाच देताना त्रास होण्याची शक्यता थोडी अधिक असते, तेव्हा डॉक्टर विचार करून देतात. मग सौभाग्यवतींची पाळी आली.

"अंड्याची ॲलर्जी आहे का?"

ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात, म्हणून विचारावं लागतं. पण प्रश्न एका माळकरी बाईला विचारला गेला होता. ती खुर्चीतून अर्धी उठली. "मी अंड्याले हातबी लावत नाही!" डॉक्टर म्हणाले, म्हणजे खाल्ल्यावर काही होतं का? "खाल्लंच नाही तं होईन कसं?" याला शास्त्रात उत्तर नाही. पंधरा मिनिटं माझी, डॉक्टरांची आणि सिस्टरची त्रिसदस्यीय समिती बसली. अखेर तिने तुळशीच्या माळेवर हात ठेवला, डोळे मिटले, दंड पुढे केला आणि म्हणाली, "नातवासाठी हाय. पांडुरंग समजून घेईन."

अर्धा तास बसवून ठेवलं तेव्हा शेजारच्या सिस्टरनी मला या लशीची कूळकथा सांगितली. मी थक्क झालो. 1927 साली घानातच, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्टात, असिबी नावाच्या माणसाला हा ताप आला. त्याच्या रक्तातला विषाणू शास्त्रज्ञांनी रीसस जातीच्या माकडात वाढवला. असिबी बरा झाला. पुढे माक्स थायलर यांनी तोच विषाणू माणसाळवून त्याची लस केली आणि त्यांना 1951 मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे घानाला जायचं तर घानाच्याच एका माणसाची आठवण दंडात टोचून घ्यावी लागते. आणि रीसस म्हणजे कोण? आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड. तेव्हा या पाहुणचारात आपलाही वाटा आहे. हे मी पारावर सांगितलं तर त्यातलं फक्त माकड लक्षात राहिलं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला नंतर रात्रभर झोपू देईना. हा ताप भारतात नाही. पण तो पसरवणारा डास, अंगावर पांढरे पट्टे असलेला, डेंग्यूवाला, तो भारतात मुबलक आहे. त्याच्याकडे सगळी पात्रता आहे, फक्त विषाणू मिळालेला नाही. म्हणूनच घानाहून परतताना आपलं सरकारच आपलं पिवळं कार्ड बघतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. मी हिशेब करून पाहिला. जाताना ही लस मला घानाच्या डासापासून वाचवते. येताना मात्र ती आंबागडच्या डासाला माझ्यापासून वाचवते. आयुष्यभर ज्यांना टाळ्या वाजवून मारलं, त्यांच्या आरोग्यासाठी मी नागपूरला दोन खेपा घातल्या.

त्या पिवळ्या कार्डाने गावात वेगळाच धुरळा उडवला. आमच्याकडे पिवळं कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांचं रेशनकार्ड. निवृत्त मुख्याध्यापक, पेन्शन चालू, वर लेक-जवाई परदेशात, आणि गुरुजींनी नागपूरला जाऊन पिवळं कार्ड काढलं! रेशन दुकानाच्या रांगेत ही बातमी अशी पसरली की दुसऱ्या दिवशी दोघे जण तक्रार करायला नाही, 'कसं काढलं' ते विचारायला आले. मी कार्ड दाखवलं. त्यांनी उलटून-पालटून पाहिलं, धान्याचा रकाना शोधला, आणि निराश होऊन परत दिलं.

बॅगा भरायला घेतल्या तेव्हा मला घराबाहेर काढण्यात आलं. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळगुटीचं सामान, सहाण, वेखंड, दोन किलो लाखोळी डाळ (ती मी रात्री गुपचूप काढली, तिने पहाटे परत भरली), आणि भंडाऱ्याच्या पितळेचा तांब्या. भंडाऱ्याच्या लेकीचं पोर स्टीलमधून पाणी पिणार नाही, हा तिचा मुद्दा होता. मी म्हणालो, पितळ जड असतं. ती म्हणाली, "मंग तुमचे पुस्तकं काढा." वेखंडाबद्दल विमानतळावर विचारलं तर काय सांगायचं याची मी इंग्रजीत तयारी केली होती. तीन वाक्यं झाली आणि तिन्हींतून ते अफूसारखंच वाटत होतं.

निरोप द्यायला येणारा प्रत्येक जण एक सल्ला सोडून जात होता. खर्रा खाणाऱ्या शेजाऱ्याने विमानात थुंकायची सोय कुठे असते ते विचारलं. नसते म्हटल्यावर त्याची माझ्याबद्दलची सगळी असूया गेली. पण पाण्याच्या प्रश्नावर गावाचं एकमत होतं. नव्या गावाचं पाणी लागू नये म्हणून पोहोचल्या-पोहोचल्या तिथला कच्चा कांदा खायचा, आणि आपल्या गावचं पाणी सोबत नेऊन थोडं थोडं त्यांच्या पाण्यात मिसळून प्यायचं. मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, इथे पाणी प्लास्टिकच्या पिशव्यांत मिळतं, 'प्युअर वॉटर' म्हणतात, कोपरा दाताने फाडायचा नि प्यायचं. तुमसरच्या बसस्टँडवरच्या पाउचसारखं? तसंच. हे ऐकून मला धीर आला आणि सौभाग्यवतींनी बाटली भरली. आंबागडच्या पाण्याची, एक लिटर, दुपदरी कॅरीबॅगेत, लाडवांच्या डब्याशेजारी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात खाट टाकून बसलो होतो. समोर किल्ल्यावर ऊन उतरत होतं. कानाशी गुणगुण चालू होती. लेकीचा फोन आला. जवायांच्या खाणीतला त्यांचा घानाचा एक सहकारी पुढच्या महिन्यात आपल्याकडे येतोय, डोंगरीची खाण बघायला. आंबागडलाही येईल, तोवर दादाला सांगून ठेवा, घर उघडं ठेवा. त्या सहकाऱ्यालाही तिथल्या डॉक्टरने यादी दिलीय, ती गंमत म्हणून ती वाचून दाखवायला लागली. फोन स्पीकरवर होता.

मलेरियाच्या गोळ्या घ्या. टायफॉइड, हिपॅटायटिस ए. डेंग्यू आहे, अंगभर कपडे घाला. कुत्र्यांच्या जवळ जाऊ नका, पिसाळलेली असू शकतात. उघड्यावरचं खाऊ नका. कच्च्या भाज्या खाऊ नका. आणि गावातलं पाणी बिलकुल पिऊ नका.

सौभाग्यवती बॅगेची चेन लावत होती, ती थांबली.

"आपल्या गावचं?"

"हो गं आई, सगळ्यांनाच सांगतात तसं."

"आपल्या गावच्या पान्याले का झालं?"

मी किल्ल्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग मी जिकडे बघत होतो तिकडे बघितलं, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने बॅग पुन्हा उघडली, ती बाटली काढली, क्षणभर हातात धरली आणि जास्वंदीच्या कुंडीत ओतली.

"दादाले सांगून ठेवा," ती म्हणाली, "पाहुण्याले पानी उकरून द्या म्हना. आन् पोरी, इचार त्याले, कांदा चालते का?"